हे मी स्वतः काढलंय

सोहार, गुरुवार, १६ ऑक्टोबर २०१४

आज सूड उगवला. लिहितानाही बरं वाटतंय.

पुण्याचे परांजपे सर एका जपानी अ‍ॅनिमेशन दिग्दर्शकाला भेटायला मस्कतला आले होते. मी इथे ओमानमध्ये जपानी दुभाषी आहे, म्हणून मलाच सोहारहून बोलावलं. सरांच्या स्टुडिओत सात वर्षं मी चित्रं काढली, नाव त्यांचं लागलं. उडणाऱ्या कावळ्याच्या त्या दृश्यालाही. आठवडाभर खिडकीत बसून कावळे बघितले होते मी.

दिग्दर्शक सांगत होते की दहा वर्षं त्यांचंही काम दुसऱ्याच्या नावावर गेलं, मग नोकरी सोडून त्यांनी स्वतःचा चित्रपट केला. मी मराठीत सांगितलं. सर नुसते हसले. आणि लॅपटॉपवर तोच कावळा लावून म्हणाले, “मृणाल, सांग त्यांना, हे मी स्वतः काढलंय.”

सरांची नजर पडद्यावरच होती; मी जपानीत शब्दशः तेच सांगितलं आणि बोट स्वतःकडे दाखवलं.

दिग्दर्शक उठले, माझ्यासमोर कमरेत वाकले. म्हणाले, “तुमचं बाकीचं काम मला पाठवा.”

“काय म्हणतायत?” सरांनी विचारलं.

“काम फार आवडलं, म्हणतायत.”

चुकलं का माझं? सरांनी कृतार्थ होऊन हात जोडले. मी जोडू दिले.