पेटी चौदाची रेघ

सोमवार, ३ फेब्रुवारी

गुडघा ठणकतोय, पण पोचले एकदाची. सव्वीस वर्षांनी तीच टेकडी, तीच पत्र्याची शेड. कंपनी मात्र नवी. त्यांना माझं नाव कोणी सुचवलं देव जाणे. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, ‘वरून आलं.’ याला मी मनातल्या मनात टिकमार्क म्हणते. बोलता बोलता समोरच्या यादीवर खुणा करत असतो. ‘मॅडम, चहा?’ — खूण. ‘खोली ठीक?’ — खूण.

जुन्या बोअरमधून निघालेल्या दगडाच्या कांड्या पेट्यांत लावून ठेवल्यात, त्या पुन्हा तपासायच्या, एवढंच माझं काम. परवाना संपत आलाय. आता एकच बोअर घेता येईल. त्यात तांबं-सोनं लागलं तर पुढे काम, नाही तर टेकडी सोडायची आणि शेड रिकामी करायची. रिकामी म्हणजे पेट्या सरळ दरीत.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मिस्त्री अजून इथेच! तेव्हा ड्रिल चालवायचे, आता शेड राखतात. मला बघून म्हणाले, ‘आलीस का गं? केस पांढरे झाले की तुझे.’ यांचे तर उरलेच नाहीत!

पत्रे उडाले की बसवले, वाळवी लागली की पेट्या बदलल्या, नंबर पुसट झाले की पुन्हा रंगवले. मधली कित्येक वर्षं त्यांना कोणी विचारतही नव्हतं. हा माणूस नसता तर मी इथे काय तपासणार होते — माती? मनापासून आभार मानले. ‘बरं बरं,’ म्हणाले आणि थर्मास पुढे केला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दुपारी टेकडी चढले. तीनदा बसले. ओढ्याकाठी काळ्या मळीचे ढीग आहेत तसेच आहेत — फार पूर्वी कोणीतरी इथे तांबं वितळवत होतं. वरच्या दगडांवर हिरवे डाग, तांब्याला चढतो तो गंज. सरांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी मला इथेच उभं केलं होतं. ‘आधी बघ. मग परत बघ. मग तोंड उघड.’

सर म्हणजे तेव्हाचे आमचे मुख्य. गळ्यात कायम भिंग. ओढ्याची वाळू धुऊन सोन्याचे कण शोधले ते त्यांनी. मग बोअर तीनमध्ये शीर लागली — पांढऱ्या गारेत पितळेसारखं चमकणारं तांब्याचं खनिज, आणि त्यात सोनं. शीर खाली जाताना पश्चिमेला कलते असं ठरलं, म्हणून पुढचे पाचही बोअर पश्चिमेला घेतले. पाचही कोरडे! कंपनीने गाशा गुंडाळला. ‘सरांनी टेकडी उलटी वाचली’ — हे मी पुढे प्रत्येक ऑफिसात ऐकलं. बिचारे सर. हातात हातोडी कशी धरायची इथपासून सगळं मला त्यांनी शिकवलं, आणि मी एकदाही त्यांची बाजू घेऊन भांडले नाही. मान खाली घालून चहा प्यायले.

रविवार, ९ फेब्रुवारी

नवऱ्याचा फोन. ‘सोनं सापडलं का?’ म्हटलं, गुडघ्याचा बाम सापडला, बॅगेच्या तळाशी. त्यानेच घातला होता, न सांगता. गुणी आहे. तोंडावर सांगायचं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बोअर तीन, पेटी चौदा. हीच ती शीर असलेली पेटी. बाकी पेट्यांना झाकणं नाहीत, हिला नवं झाकण, आतून प्लॅस्टिक. मिस्त्रींना म्हटलं, हिचेच एवढे लाड का? ‘असू दे. सांगितलं होतं जपायला.’ कोणी, ते नाही सांगितलं. पत्रा ठोकायला उठले.

कांडीवर लाल रेघ आहे. पेटीच्या कडेला मिस्त्रींचं अक्षर : ‘रेघ पा.’ पा म्हणजे पाठ, वरची बाजू. कॉलेजात असंच शिकवलं होतं, तिरक्या बोअरमधली कांडी जमिनीत कशी होती ते कळावं म्हणून तिच्या पाठीवर रेघ मारतात. रेघ वर धरून कांडी फिरवली. शीर पश्चिमेला. बरोबर.

मग टोकाला बोटाला खळगा लागला. खिळ्याचा टोचा. कांडी बाहेर काढण्याआधी आत एक टोकदार खिळा सोडायचे. तिरक्या बोअरमध्ये तो वजनाने खालच्या बाजूलाच घसरणार आणि तिथेच टोचणार. आणि टोचा होता रेघेच्या बरोबर टोकाशी.

म्हणजे रेघ खालची!

मिस्त्रींना हाक मारली. ‘पा म्हणजे काय हो?’

‘पाया. दुसरं काय असणार?’

‘पाठ नाही?’

‘पाठ कशाला लिहीन? खिळा काय उडून छताला टोचतो?’

रेघ खाली धरली. शीर पूर्वेला! टेकडी गेली सव्वीस वर्षं उलटी वाचली जातेय, आणि टिकमार्कचा नवा बोअरही पश्चिमेलाच आखलाय — फक्त जास्त खोल.

बुधवार, १२ फेब्रुवारी

जुन्या कागदांची ट्रंक उघडली. सरांची चूक कुठल्या पानावर झाली ते बघायचं होतं. पान सापडलं. ‘रेघ : पाठ. शीर : पश्चिमेकडे.’ गोल गोल क, शेपटी लांबवलेला श.

अक्षर माझं आहे.

खाली सरांची सही. मुख्य म्हणून ते सही करायचे. वाचलं होतं मी — तेवीस वर्षांची, कॉलेजात पहिली आलेली, कोणाला काही विचारायचं म्हणजे कमीपणा वाटायचा. मिस्त्री दहा पावलांवर उभे असायचे. एक शब्द विचारायचा होता.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

नुसतं ‘जुनं वाचन चुकलं’ म्हटलं तरी बोअर वळेल. खापर आपोआप सरांवर फुटेल, ते फुटलेलंच आहे. माझी नोकरी राहील. हा विचार आला, हे इथे तरी लिहून ठेवते. दिवसभर होता.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सांगितलं. टिकमार्कने फॉर्म काढला. ‘चूक कोणाची लिहू?’

‘माझी.’

त्याचं पेन थांबलं. ‘मॅडम, हे वर गेलं तर तुमच्या या नव्या वाचनावर कोण विश्वास ठेवणार?’ म्हटलं, म्हणून तर पेटी घेऊन आलेय. तासभर त्याच्या टेबलावर कांडी फिरवत बसलो. त्याने स्वतः चार वेळा टोचा चाचपला. मग नाव लिहिलं, नीट, पूर्ण. खूण केली नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

बोअर पूर्वेला हलवायला होकार आला! मला काढलंही नाही. टिकमार्क तीनदा वर बोलला म्हणे, स्वतःची शिफारस जोडून. याला मी इतके दिवस नावं ठेवत होते. लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं.

शनिवार, १ मार्च

एकशे चाळीस मीटर. काही नाही. मिस्त्री ड्रिलवरच्या पोरांना सूचना देऊन देऊन त्यांचं डोकं खातायत.

बुधवार, ५ मार्च

दोनशे सहा मीटरला गार. मग चमक. अकरा मीटरभर नुसतं तांबं! मिस्त्रींनी कांडी हातात घेतली, उलटसुलट केली, रेघ मारली आणि शेजारी पूर्ण शब्द लिहिला : ‘पाया’. वर माझ्याकडे बघून म्हणाले, ‘वाचता येतंय ना?’ हसता हसता रडले मी. सोन्याचं लॅब सांगेल.

शुक्रवार, २१ मार्च

लॅबचा निकाल आला. टनाला सहा ग्रॅम सोनं. परवाना वाढणार, शेड राहणार, पेट्या राहणार. टिकमार्कने मिस्त्रींना चहा करून दिला. पाणीच होतं, पण मिस्त्रींनी संपवला. या माणसांचं मी काय देणं लागते ते सांगताही येणार नाही. आता सरांना फोन. चार वर्षांत केला नाही. काय बोलायचं ते दोनदा लिहून काढलं.

रविवार, २३ मार्च

सरांशी बोलले. ऐकू कमी येतं, ओरडून सांगावं लागलं — ‘सर, बोअर तीनची रेघ मी उलटी वाचली होती. तुमची चूक नव्हती.’ म्हणाले, ‘ठाऊक आहे. मला कळलं तेव्हा मशीन निघून गेलं होतं. पेटी तेवढी जपायला सांगितली मिस्त्रीला.’

पुढे म्हणाले, ‘म्हणून तर या नव्या कंपनीला तुझं नाव दिलं.’