चादरीवरची हेल्मेटं

मंगळवार, ९ डिसें.
भानुदास शुद्धीवर आला. सकाळी मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, दुपारी मी काचेतून पाहिलं. उजव्या कानाच्या वर टाके. डावा हात उचलत नाही. वैशाली वहिनी कालच्याच साडीत. भानुदाससारख्या हवालदाराच्या शेजारी घर असलं की पत्रकाराला बातमी आधी कळते, असं लोक म्हणतात. काल बातमी मागच्या सीटवर घालून मीच नगरच्या दवाखान्यात आणली.

काल फाट्यावर ऊसदराचं आंदोलन. ट्रॅक्टर अडवले, चाकांची हवा सोडली. पी. आय. साहेबांनी जीपच्या भोंग्यावरून इशारा दिला, हे खरं. पण ट्रॅक्टरांवर गाणी लावलेली. जीपला टेकून उभा असून मला अर्धाच ऐकू आला. मग दगड. कुणी मारला, माहीत नाही. भा. पहिल्या रांगेत, डोक्याला नुसती टोपी. तो पडला आणि मागची शिपाई पोरं पिसाळली. काठी कमरेखाली, हे त्यांना भा.नेच शिकवलेलं. काल कुणी कंबर शोधत बसलं नाही. एका ट्रॅक्टरवाल्याचा हात मोडला.

बातमी दवाखान्यातूनच फोनवर सांगितली. पेपरच्या डेस्कने ‘लाठीमार’च्या आधी ‘सौम्य’ घातलं. नेहमी घालतात.

बुधवार, १० डिसें.
हेल्मेटं कुठे होती, हे अख्ख्या ठाण्याला माहीत आहे. मलाही. सोमवारी सकाळी मीच फोटो काढायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी वार्षिक तपासणी, म्हणून हॉलमध्ये पांढऱ्या चादरी, त्यावर हेल्मेटं आणि ढाली ओळीने मांडलेल्या. नवा काळा रंग, वर पांढरे नंबर. रंग पुरता वाळलेला नव्हता.

भा. माझ्यासमोर म्हणाला होता, “साहेब, फाट्यावर गर्दी वाढतीय. पाच-सहा तरी काढू का?”

“बोटं उमटतील. उद्या एस. पी. साहेबांना काय दाखवू, तुझं तोंड?”

सगळे हसले. भा.सुद्धा हसला. मीही हसलो असेन.

तपासणी काल पार पडली. शेरा चांगला मिळाला म्हणे.

गुरुवार, ११ डिसें.
ठाण्यात गेलो. पी. आय. साहेबांनी चहा मागवला. विचारलं, हवालदाराच्या डोक्यावर हेल्मेट का नव्हतं.

“व्हॅनमध्ये होती हेल्मेटं. घाला म्हणून सांगितलं. यानं घातलं नाही, त्याचं बघून पोरांनीही नाही घातलं. जुना माणूस, ऐकतो का?”

आणि ट्रॅक्टरवाल्याचा हात?

“पत्रकार साहेब, आमच्या माणसाचं डोकं फुटलं. स्वसंरक्षण नको का करायला?”

म्हणजे डोकं एकच. जमावावरच्या कागदात ते हल्ल्याचा पुरावा, भा.वरच्या कागदात त्याच्या हलगर्जीचा.

चादरीवरच्या फोटोचं काढलं. “तो सकाळचा. दुपारी गाडीत भरली.” चहा गार झाला होता तरी प्यालो.

संपादकांना फोन केला. म्हणाले, “व्हॅनच्या आत पाहिलंस का?” नाही. “मग?” बरोबर आहे. नव्या वार्ताहराला मीही हेच विचारलं असतं. बंदोबस्तातल्या पोरांपैकी कुणी फोन उचलत नाही.

शनिवार, १३ डिसें.
भा. बोलतो. सावकाश, शब्द शोधत. पहिलं विचारलं, “ट्रॅक्टरवाल्याला लई लागलं का?” हात मोडला म्हटलं. “पोटरीवर मारा म्हणून घसा फोडला मी परेडला.”

वहिनींनी व्हरांड्यात गाठलं. काल पी. आय. साहेब शहाळी घेऊन येऊन गेले.

“म्हणले, गरम व्हत हुतं म्हणून मीच घातलं न्हाई, येवढंच ह्यांना सांगू द्या जबाबात. किरकोळ शिक्षा हुईल. हात असाच राहिला तर टेबलाचं काम देतो म्हणले. न्हाईतर चौकशी लागंल, आन् मग त्यांच्याबी हातात काय न्हाई.”

मग वहिनींनीच विचारलं.

“भाऊजी, खरं बोलून ह्यांचा हात हलंल का?”

नाही म्हटलं.

“मग?”



रविवार, १४ डिसें.
ठाण्याची पोरं पाळीपाळीने उशाशी बसतात. सेवेला, असं म्हणायचं. आज दोघं होते. एक म्हणाला, “दादा, लवकर या. परेडला शिव्या द्यायला मानूस न्हाई.”

“तुमाला फुकट न्हाई मिळायच्या आता.”

हसले. मग दुसरा सहज बोलून गेला, मंगळवारी पुन्हा फाट्यावर ड्युटी आहे, आंदोलनवाले परत बसणार आहेत.

भा.ने विचारलं, “काय घालून जाताय?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “साहेब देतील ते.”

पोरं चहाला म्हणून गेली, लवकर आली नाहीत.

उद्या सकाळी अकराला उपअधीक्षक दवाखान्यात जबाब घ्यायला येणार. पी. आय. साहेब सोबत असतील. का, ते कुणी विचारलेलं नाही. वहिनींना बाहेर थांबायला सांगितलंय. त्या आज दिवसभर ‘नोकरी’ हा एकच शब्द बोलल्या, तोही माझ्याशी, त्याच्याशी नाही.

काय सांगणार, हे मी भा.ला विचारलं नाही. निघताना त्याने उजव्या हाताने बाही धरली.

“उद्या यशील का?”

आत सोडणार नाहीत म्हटलं.

“न्हाईच सोडनार. दार उघडं ठेवाया सांगतो. दिसशील असा उभा ऱ्हा.”