दुधामागची कुपी

३ मार्च
प्रिय धाकटे,
अनेक आशीर्वाद. फोनवरच बोलले असते, पण ठकीचे कान सतत माझ्याकडे.

शिलाईची सगळी कामं परत केलीत. पोरगी दिवसातून आठदा संडासात जाते, रक्त पडतं. नऊ वर्षांची आहे, माप सहा वर्षांच्या मुलीचं. डॉक्टर वीस तारखेला मोठं आतडं काढायचं म्हणतात. कागदावर सही करायला पेन धरलं आणि तसंच खाली ठेवलं.

त्या दिवशी मुक्कामाला आलीस तेव्हा घास हातात धरून सांगत होतीस, की आतड्यातले चांगले जिवाणू अगदी बारीक कण सोडतात आणि ते पाजल्यावर तुमच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या आतड्याच्या जखमा भरल्या. मला त्या कणांची एक कुपी दे ना. उंदीर बरे होतात, मग माझी ठकी का नाही?

लोभ आहेच, या वेळी थोडा जास्त कर.
तुझी ताई

७ मार्च
ती. ताईस, सा. न.
नाही. राग आला तरी नाही. उंदीर बरे झाले, पण सगळे नाही. जिवाणू त्या कणांत काय काय भरून पाठवतात ते अजून आम्हालाच पुरतं कळलेलं नाही. कणांच्या एका खेपेने चार उंदीर तापाने गेले. तीच खेप तपासायला दुसऱ्या प्रयोगशाळेत नेत होते. तुझ्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवला तो डबा तिचाच.

डब्यात बारा कुप्या होत्या. पोचल्या अकरा. काल फोनवर विचारलं, तर ठकी शेजारी म्हणून तू हवापाण्याचं बोलत बसलीस. लहानपणी माझी रिबन आधी डोक्याला बांधायचीस, मग मागायचीस. तेव्हा हसू यायचं. आज येत नाही. घेतली असशील तर ठकीला देऊ नकोस. पाया पडते.

रागावलीस तरी माया तोडू नकोस.
तुझी धाकटी

७ मार्च
प्रिय धाकटे,
अनेक आशीर्वाद. तुझं उत्तर अजून नाही, पण आता राहवत नाही. कुपी मी मागायच्या आधीच घेतली होती. फ्रिजमध्ये दुधामागे लपवली.

तिचं दूधसुद्धा आधी मी चाखते, मग हे तसंच कसं पाजीन? तुला पत्र टाकलं त्याच दिवशी अर्धी मी प्यायले. संध्याकाळी हुडहुडी भरली, ताप चढला. दोन दिवसांत उतरला. म्हणून परवा उरलेली तिला दिली. आणि काय सांगू, तेव्हापासून पोट दुखतं म्हणून एकदाही रडली नाही! आज डॉक्टरांना तारीख पुढे ढकलायला सांगितलं.

चोरटी म्हण, पण आपली म्हण.
तुझी ताई

७ मार्च
ती. मावशीस,
सा. न. आईने पाकीट चिकटवायला दिलंय, त्यात ही चिठ्ठी घालते. तिला माहीत नाही.

ते पिऊन आई खूप थरथरत होती. मला वाटलं ती मरणार. तिने परत प्यायला नको म्हणून मी कुपी बेसिनमध्ये ओतली आणि नळाचं पाणी भरून ठेवली. मग तिने ती मलाच दिली. मी तोंड वाकडं करून प्यायले, तिला खरं वाटावं म्हणून.

ती इतकी हसली ना मावशी! आता पोट दुखलं की मी नळ सोडून रडते. रक्त आधीपेक्षा जास्त येतं. ते मी पाणी ओतून घालवते.

आईला तू सांग, मला नाही सांगता येत. ती मला नवा फ्रॉक शिवतेय. मी जाड होणार म्हणून माप सैल घेतलंय.

लवकर ये.
तुझी ठकी