डोल्माताईचा गालिचा

माय,

चंदाचा तुले नमस्कार. मी धडधाकट आहो, काळजी करू नको.

काल इथं हिमाचलात डोंगर खचला. ज्या डोल्माताईकडं मी गालिचे घ्याले आली होती, तिचा सासरा चालू शकत नव्हता. नव्याकोऱ्या गालिच्यात त्याले निजवलं अन् घरातल्या तिघी बाया अन् मी, अशा आमी चौघी टोकं धरून पळालो.

"पीछे मत देखो!" डोल्माताई ओरडली. मी पाहिलं. घर नव्हतंच. अकोल्याच्या प्रदर्शनासाठी जमवलेले गालिचे, लाकडी मुखवटे, सारे त्यातच गेले.

म्हातारा वाचला. आता शाळेत बसून राहिलो. दगड घरंगळला की सारेच उठून उभे राहतात. फोन लागत नाही, मनून हे पत्र एका फौजीजवळ देते.

बाबाचा खोकला कसा आहे? त्याइले सांगजो, चंदा मजेत आहे. तू मात्र देवाजवळ दिवा लावजो.

तुही,
चंदा