चौथ्या मजल्यावरची रेग्ला

कादिस, वेशीच्या आत

धाकटे बंधू हेर्मान यास,

थोरल्या भावाचे, म्हणजे सेर्वांदोचे, आशीर्वाद. इकडे मी आणि रेग्ला उभयता ठीक आहोत. तिकडे तुम्ही वेशीबाहेर राहता, म्हणजे ठीक असणं अवघडच, तरी रीत म्हणून विचारतो. तुझा रक्तदाब कसा आहे? तुझ्या एन्कार्नाची कंबर काय म्हणते? (फोन केला असता, पण तुझी बायको फोन उचलते आणि मग मला बोलायला मिळत नाही. शिवाय नाताळात तू तुझ्या शेजारचा लिफ्टवाला फ्लॅट सुचवलास, आणि मी ‘वेशीच्या आत जन्मलो, वेशीच्या आतच मरेन’ म्हणत भरल्या ताटावरून उठून आलो, तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे हे मी विसरलेलो नाही. पत्र म्हणजे बोलणं नव्हे.)

तर झालं असं. आठवडाभर लेवान्ते वारा घोंघावत होता आणि घरोघरी भांडणं लावत होता. काल तो पडला, म्हणून आज आम्ही बाल्कनीत येऊन बसलो. खाली एक परदेशी जोडपं हातात नकाशा घेऊन स्वतःभोवती फिरत होतं. मी चौथ्या मजल्यावरूनच त्यांना रस्ता सांगितला, आणि त्यांनी न मागितलेला तीन हजार वर्षांचा इतिहासही सांगितला. (फिनिशियन आधी की रोमन आधी, यात माझा नेहमी घोळ होतो, पण एवढ्या उंचीवर तपासायला कोण येतंय.) ते हात हलवून निघून गेले. रेग्ला मात्र त्यांच्या पाठीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “त्या बाईने एका सकाळीत माझ्यापेक्षा जास्त कादिस पाहिलं असेल. ऊठ. मलाही दाखव.”

तिचे गुडघे तुला माहीत आहेत, आणि आमचा जिनाही. (लिफ्ट बसवायची चर्चा हुकूमशहा जिवंत होता तेव्हापासून चालू आहे. हुकूमशहा गेला, चर्चा चालूच आहे.) बाई पाठमोरी होऊन, कठडा धरून, बोटीच्या शिडीवरून उतरावं तशी उतरली. तळाशी तो फेर्मीन राहतो, मिरवणुकीच्या बँडमध्ये बिगुल वाजवणारा. दार उघडून अगदी अदबीने म्हणतो, “कोणाकडे आला होतात, काकू?” दोन वर्षं एका इमारतीत राहतोय! रेग्ला म्हणाली, “रोज दुपारी ‘बंद कर ते रेकणं’ म्हणून वरून ओरडते ना, ती मीच.” पोरगा बिगुल पाठीमागे लपवून उभा राहिला.

पुढे सगळीकडे हेच. आमच्याकडे पाव, मासे, वर्तमानपत्र, सगळं दोरीच्या टोपलीतून वर येतं, दवाखान्याला जायचं तर टॅक्सी दाराशी येते. गल्लीला रेग्लाचा आवाज पाठ आहे, तोंड नाही. मासेवाला चानो तर तिच्याकडे बघतच राहिला. “रेग्लाबाई? तुम्ही? अहो, वरून केवढ्या उंच वाटता!” रेग्ला म्हणाली, “आणि तू समोरून बराच कमी टकला दिसतोस.” त्याने दुकान सोडून तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना बोलावून तिला दाखवलं. मी बाजूला पिशवी धरून उभा. मला कोणी विचारलं नाही, मी तर रोजच दिसतो.

कॅथेड्रलसमोर एक गाइड पोरगी छत्री उंच धरून पाहुण्यांना वर मनोऱ्यातून काय काय दिसतं ते सांगत होती. मला राहवलं नाही, मी तिच्या दोन चुका काढल्या. ती गोड हसून म्हणाली, “आजोबा, मग तुम्ही वर कधी गेला होतात?” हेर्मान, मी कधीच गेलेलो नाही. वेशीच्या आतला कोणता शहाणा माणूस तिकीट काढून वर जातो? रेग्ला इतकी हसली की सगळा घोळका तिच्याबरोबर हसला.

शेवटी ला कालेताच्या किनाऱ्यावर बाकावर बसून आम्ही जवळ्याची धिरडी खाल्ली. कागद तेलाने पारदर्शक झाला होता. मी सहज विचारलं, इथे याआधी कधी आली होतीस? म्हणाली, हेर्मानच्या धाकट्याच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला, तो आठ वर्षांचा होता तेव्हा. हेर्मान, तुझ्या धाकट्याला आता टक्कल पडतंय! आणि हा किनारा आमच्या दारापासून दहा मिनिटांवर आहे. मी रोज इथे पत्ते खेळायला येतो आणि घरी जाऊन तिला सांगतो की विशेष काही नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तिला नाही वाटलं, ती बोटं चाटत होड्या बघत होती.

परत आलो तर ती पहिल्याच पायरीवर बसली. म्हणाली, तू हो पुढे, मी जरा दम घेते. मी वर आलो आणि हे पत्र लिहायला घेतलं. खालून बराच वेळ तिचा आणि फेर्मीनचा आवाज येतोय. बहुतेक बिगुलावरून झाडते आहे.

सर्वांना यथायोग्य. पोरांना, टकल्या धरून, आशीर्वाद.

तुझा भाऊ,
सेर्वांदो

ता. क. तो फ्लॅट अजून रिकामा आहे का? एका ओळखीच्या माणसासाठी विचारतोय.

आणखी ता. क. ओळखीचा माणूस मीच. रेग्लाला हा जिना आता झेपत नाही. तिला मात्र सांग की तू माझ्या हातापाया पडलास.

शेवटचा ता. क. वरचे दोन्ही रद्द. रेग्ला वर आली आणि तिने माझ्या खांद्यावरून सगळं वाचलं. “वेशीबाहेर? आत्ता कुठे लोकांना माझं तोंड कळलं, आणि तू मला वाळवंटात नेतोस?” पायरीवर बसल्या बसल्या तिने सौदा पक्का केला आहे: फेर्मीन बिगुल घेऊन चौथ्या मजल्यावर, आम्ही त्याच्या तळाच्या दोन खोल्यांत. घरमालकालाही तिने तिथूनच फोन लावला. खरं सांगू? नाताळात मी वेशीचं बोललो ते निमित्त होतं. आमच्या मोरीच्या खिडकीतून समुद्राची बोटभर पट्टी दिसते, ती मला सोडवत नव्हती. कोणाला सांगणार, हसला असतात. आज तिला सांगितलं. म्हणाली, “खालून नाही दिसणार. चालत जाऊन बघू, दोघं.”

रविवारी दोन्ही मुलांना घेऊन ये. मोठं कपाट खाली उतरवायचं आहे. ते आईचं आहे, म्हणजे अर्धं तुझं. खालची बाजू तू धर.