मधल्या स्विचचा आवाज

३ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिस. गोदामाच्या आगीचा विमा-क्लेम निकाली काढला. दोष: वायरिंग. सहाला घरी. चहा. वाळलेले कपडे घडी करून ठेवले. मग टोपीवाला आला.

टोपीवाला म्हणजे बायकोच्या ट्रिओतला डबल बास वाजवणारा. ती गिटारवर, हा बासवर आणि ड्रम्सवर एक दातांचा डॉक्टर. ती होती तेव्हा दर शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये आधी रॉकबिली, म्हणजे ठेक्याचं नाचरं रॉक, मग जॅझ. सगळं जुनं. ऐकणारेही जुनेच. मी शेवटच्या रांगेत, बॅगा सांभाळायला.

१ मार्चला तिच्या आठवणीसाठी कार्यक्रम करायचा म्हणतात. त्या दिवशी टोपीवाला बास बाजूला ठेवून गिटार वाजवणार आणि त्यासाठी तिचीच गिटार हवी. मी सांगितलं, ती गिटार मी वाजवणार आहे. असं काही मी ठरवलेलं नव्हतं. त्याने टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, छान म्हणाला. हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

माझा त्याच्यावर राग नाही. घरात टोपी घालणाऱ्या माणसांबद्दल माझं एक मत आहे, एवढंच.

४ फेब्रुवारी, मंगळवार
संकल्प: रोज सकाळी एक तास सराव. उद्यापासून. आज आठवडा आधीच सुरू झालेला आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सराव झाला. दोन कॉर्ड पक्क्या, तिसरी येऊ घातली आहे. पण आवाज तिच्यासारखा निघत नाही. नीट विचार केला. दोष गिटारचा आहे.

गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. लोहचुंबक, त्याभोवती तारेची गुंडाळी. तार हलली की त्यातून करंट निघतो आणि तो अँपकडे, म्हणजे स्पीकरच्या पेटीकडे जातो. म्हणजे आवाज जन्माला येतो तो पिकअपमध्ये. आमच्या गिटारला दोन आहेत, एक मानेजवळ, एक मागे, आणि दोन्ही म्हातारे. बदलायला हवेत.

इंटरनेटवर बरंच वाचलं. एका गुंडाळीचा पिकअप टणक, झणझणीत, रॉकबिलीला उत्तम. मात्र मागे कायम घूंऽऽ चालू असते. दोन गुंडाळ्यांचा शांत, गोल, जॅझला बरा. जुन्या पद्धतीचे हवेत तर चुंबक जरा कमजोर घ्या, असा सल्ला आहे. एक गृहस्थ लिहितात की खरा आवाज वाजवणाऱ्याच्या बोटांत असतो. असं लिहिणारा माणूस प्रत्येक विषयाला एक तरी असतोच.

९ फेब्रुवारी, रविवार
टोपीवाल्याने फोनवर जुनं रेकॉर्डिंग पाठवलं. सरावाला उपयोगी पडेल म्हणे. सुरुवातीला तो काहीतरी पुटपुटतो आणि ती हसते. मोठ्याने, गिटार हातात असताना. काय पुटपुटला ते कळत नाही. पुन्हा पुन्हा ऐकलं तरी कळत नाही.

माझ्या विनोदांना ती अशी कधी हसली नाही. अर्थात मी विनोद करत नसे.

आज सराव राहिला.

१२ फेब्रुवारी, बुधवार
मेहुणीचा फोन. तिला बातमी लागली आहे. भावजी, तुम्हाला वाजवता येतं हे ताईला माहीत होतं का, असं विचारलं. मी म्हटलं, तो विषय कधी निघाला नाही. मग म्हणाली, ताई माझ्या हातातसुद्धा गिटार द्यायची नाही, त्यांच्या मात्र द्यायची, तेव्हा देऊन टाका त्यांना, लोक रडायला येणार आहेत, त्यांना तुमचं ऐकून भलत्याच कारणाने रडायला लावू नका.

मेहुणी लहानपणापासून फटकळ आहे. पण टोपीवाल्याच्या हातात द्यायची, हे मला नव्हतं माहीत. का द्यायची?

पिकअपबद्दल निर्णय: मानेजवळ दोन गुंडाळ्यांचा, मागे एका गुंडाळीचा. म्हणजे एकाच गिटारमध्ये जॅझ आणि रॉकबिली दोन्ही. हे टोपीवाल्याला इतक्या वर्षांत सुचलेलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
गिटार घेऊन रिपेअरवाल्याकडे. अरुंद दुकान, भिंतीला नुसत्या माना टांगलेल्या. दोन गिऱ्हाइकं कुठली तार बरी यावर भांडत होती.

रिपेअरवाल्याने गिटार अँपला जोडली. स्विच वर: मानेजवळचा पिकअप, ठीक. स्विच खाली: मागचा, ठीक. स्विच मधे, म्हणजे दोन्ही एकदम, तर आवाज भरायच्या ऐवजी आटला. खालचा सगळा सूर गायब. नाकात बोलल्यासारखा, पातळ, लांबून येणारा.

तो आवाज मी लगेच ओळखला. संध्याकाळी ती पलीकडच्या खोलीत वाजवायची तेव्हा भिंतीतून हाच यायचा. मला वाटायचं, भिंतीमुळे तसा येतो.

रिपेअरवाल्याने उघडून पाहिलं. एका पिकअपच्या दोन वायरी उलट्या जोडल्या आहेत, म्हणून दोघांचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. काही जण मुद्दाम करतात, काहींचं चुकून होतं, तुमचं काय, असं त्याने विचारलं. मी आयुष्यभर दोष कुणाचा ते ठरवत आलो आहे. चूक, म्हणून सांगितलं. कुणाची तेही माहीत होतं. एकदा गिटार टोपीवाल्याकडे दुरुस्तीला गेली होती.

म्हणजे ह्या गृहस्थाने वायरी उलट्या जोडल्या आणि माझी बायको वर्षानुवर्षं ते निमूटपणे वाजवत राहिली. घरी येताना चाल हलकी झाली होती. जेवणही बरं गेलं.

नवीन दोन्ही पिकअप बसवायला सांगितले. वायरी सरळ. जुने ठेवायचे का म्हणाला. म्हटलं, काय करायचेत.

२२ फेब्रुवारी, शनिवार
गिटार आणली. आवाज भरघोस, स्वच्छ. मधल्या स्विचवरसुद्धा. खिडकीच्या काचा थरथरल्या. शेजारीण दारात येऊन विचारून गेली की काही बसवताय का.

तिसरी कॉर्ड अजून यायची आहे, पण आवाजापुढे ते लक्षात येणार नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
रंगीत तालीम, डॉक्टरच्या दवाखान्यात, बंद झाल्यावर. मी पेशंटच्या खुर्चीत बसून वाजवलं, दुसरी खुर्ची नव्हती. डॉक्टर ड्रमवर. मी जिथे पोचेन तिथे तो येऊन थांबायचा, हे मला आवडलं.

दोन चिजा झाल्यावर टोपीवाल्याने मधला स्विच लावून पाहायला सांगितलं. मी लावला. तो ऐकत राहिला. मग विचारलं, तो आवाज कुठे गेला. मी ह्याच प्रश्नाची वाट पाहत होतो. सांगितलं, तो दोष होता, काढून टाकला. कुणाचा दोष, ते मी मोठेपणाने बोललो नाही. नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

त्याने बास भिंतीला टेकवला. मग म्हणाला, "तो तिने मागून घेतला होता. मीच करून दिला. म्हणाली, खर्ज भिंतीतून जातो, ह्यांना झोप लागत नाही, काहीतरी कर."

डॉक्टरने ड्रमच्या काड्या बॅगेत भरायला सुरुवात केली.

टोपीवाला पुढे म्हणाला की आधी तिला तो आवाज मुळीच आवडला नव्हता. घरी वाजवून वाजवून सवय झाली, आणि मग हॉलमध्येही जॅझ त्याच स्विचवर वाजवायला लागली. लोक खास त्यासाठी यायचे.

वर लिहिलेलं पुन्हा वाचलं. मला झोप लवकर लागते, हा माझा गुण आहे असं मी सगळ्यांना सांगत आलो. आणि झोप लागत नाही म्हणून मी कधीतरी कुरकुरलो असणार. आठवत नाही.

पण एक मुद्दा राहतोच. हे तिने मला का सांगितलं नाही? त्याला सांगितलं. माझ्या झोपेची गोष्ट, आणि माहीत टोपीवाल्याला.

२६ फेब्रुवारी, बुधवार
अर्धी रजा. रिपेअरवाल्याकडे. जुने पिकअप गेले. एका मुलीच्या गिटारमध्ये बसवले आणि ती परदेशी शिकायला गेली. नाव त्याला आठवत नाही.

नव्यांपैकी एकाच्या वायरी उलट्या करायला सांगितल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण केल्या. आवाज पातळ झाला. पण नुसताच पातळ. मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि त्याला वाजवायला सांगितलं. तिथूनही नुसताच पातळ. दार उघडलं तेव्हा गिऱ्हाइकं बोलायची थांबली होती.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
उद्याचा संकल्प: मी वाजवणार. दोन कॉर्डमध्ये बसणारी एक चीज आहे, ती डॉक्टरने सुचवली. लोकांनी घरचा माणूस पाहिला पाहिजे.

संध्याकाळी गिटार टोपीवाल्याच्या घरी नेऊन दिली. अंगठा जरा दुखतो आहे, म्हणून.

दार त्याने उघडलं. घरातही टोपी होती. आत या म्हणाला. मी म्हटलं, उशीर होईल. उशीर व्हायला घरी कुणी नाही, हे त्यालाही माहीत आहे, पण तो नुसता बरं म्हणाला. मग रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तो काय बोलला होता ते विचारलं. त्याला आठवेना. त्याने माझ्यासमोर ऐकलं, दोनदा. कळलं नाही म्हणाला.

खोटं बोलत नसावा. तरी सांगता येत नाही.

१ मार्च, शनिवार
कार्यक्रम झाला. हॉल भरला होता, मागे लोक उभे. टोपीवाल्याने पहिला अर्धा भाग झणझणीत वाजवला. जॅझला मधला स्विच लावला, चार ओळी वाजवल्या, थांबला, स्विच वर केला आणि पुढे गेला. बहुतेकांच्या लक्षात आलं नाही. ज्यांच्या आलं त्यांनी मान खाली घातली.

मेहुणी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. म्हणाली, भावजी, शहाणपणा केलात. तिला पिकअपचं कुणी सांगितलेलं नाही. टोपीवाल्याने सांगितलं नाही. सांगू शकला असता.

शेवटी सगळ्यांसमोर त्याने गिटार माझ्या हातात दिली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आभार मानले. त्याचे पण मानले, नाव घेऊन.

इतका चांगला वागतो, हेच मला त्याचं सहन होत नाही.

२ मार्च, रविवार
सुट्टी. उशिरा उठलो. गिटार पेटीत घालून कपाटावर ठेवली. सराव नाही, संकल्प नाही.

दुपारी इस्त्रीचा बोर्ड उघडला. आठवड्याचे शर्ट काढले. निळ्या शर्टाची एक बाही नीट होईना, पाणी मारून परत केली.