अण्णांना सोडवेना

कुरुंदा,
ऑगस्ट २००४

प्रिय परमेश्वर,

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. काळा चष्मा लावून ती ओसरीवर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पुण्याला कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या तुझ्याबद्दल सांगते. तिच्यासाठी बाळापूरच्या सासरहून येऊन मला महिना होत आला. माझ्याबद्दल ती काही सांगत नाही. असो.

तुझं सॉफ्टवेअर अजून चालत नाही. परवा हळद संस्थेत देविदासच्या हळदीच्या वजन-पैशाची पट्टी भावसिंगच्या नावानं निघाली. दोघं काट्यापाशीच भांडले. शेवटी कारकुनानं हातानं पट्ट्या लिहून दिल्या, दर हंगामात देतो तशाच.

आधी तू म्हणालास, मशीन जुनं आहे. अण्णांनी नवं घेतलं. मग म्हणालास, प्रोग्राम पुन्हा लिहावा लागेल. अण्णा अध्यक्ष, त्यांनी तेही मंजूर करून घेतलं. संतरामकाकांनी मीटिंगमध्ये विचारलं, "अण्णा, चालत न्हाई तर काहून पैसा घालून राहिले तुमी?" अण्णांचं उत्तर ठरलेलं, "इतकं केलं. आता थोडक्यासाठी सोडलं तर आधीचं समदं पाण्यात." लोकांना वाटतं, म्हातारपणी कॉम्प्युटरचं वेड लागलंय. कुणी म्हणतं, वार्षिक सभेत शब्द देऊन बसलेत. खरं मला विचार. बंद करायचं म्हणजे आपल्या लेकाला, तुला, जमलं नाही असं म्हणायचं, आणि तेवढंच त्यांच्या तोंडून निघत नाही.

मला तुझा हेवा वाटतो रे. वसमतच्या कॉलेजात मी गणितात एकदा नापास झाले, पुन्हा बसते म्हणाले. अण्णा जेवत होते. "बस झालं आता," म्हणाले आणि कोरड्यास वाढायला सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न. माझं आधीचं शिक्षण पाण्यात जातंय, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. तुला बीजगणित मीच शिकवायचे. तू विसरला असशील.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. सोमवारच्या मीटिंगमध्ये संतरामकाकांनी पुन्हा विषय काढला. या वेळी अण्णा स्वतःच म्हणाले, "बंद करा." घरी आले, ताटावर बसले आणि तसेच उठले. मला म्हणाले, "सत्या, तू लिही त्याला. माझ्यानं त्या लेकराला न्हाई म्हणवत न्हाई." हे वाक्य तुला लिहायला मला गोड वाटेल, असं कितीदा वाटलं होतं. आज लिहितेय तर दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय. संस्थेनं काम थांबवलंय, परमेश्वर. नवा प्रोग्राम घेऊन येऊ नकोस, नुसता ये. आणि त्याआधी अण्णांना फोन कर. माझा आवाज घरात दिवसभर आहे, पण त्यांना घास जायला तुझाच आवाज लागतो.

तुझीच,
अक्का